डाव्या खिशातल्या पुंगळ्या

आमच्या पोलीस लाईनीतल्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, पण त्या वर्षातली महत्त्वाची वेळ आईने भाकरीवर मोजली. परातीत पिठाचा गोळा, त्यावर तिचा उजवा पंजा, आणि थप, थप, थप असा एका लयीतला आवाज. तो आवाज मी आजही मोजते. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की मी बोलता बोलता गप्प होते, आणि यजमानांना वाटतं बाईंना दम लागला. दम लागत नाही. मी सहापर्यंत मोजते आणि मग पुन्हा बोलायला लागते.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, नाशिकच्या पोलीस मुख्यालयात हवालदार होते आणि त्यांचं काम शस्त्रागारातलं. बंदुका, रिव्हॉल्व्हरं साफ करायची, दुरुस्त करायची, द्यायची, घ्यायची. त्यांच्या अंगाला कायम तेलाचा वास. आई सिन्नरकडच्या खेड्यातली, तिला तो वास लग्नानंतर दोन वर्षं सहन झाला नाही आणि नंतर तो नसला की झोप येईना, असं ती स्वतःच सांगायची. दादांची बोटं जाड होती, पण सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. घरातली शिलाई मशीन, स्टोव्ह, शेजाऱ्यांचे कंदील, सायकलींची फ्रीव्हील, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा असायचा. त्याला हात लावायची परवानगी फक्त मला होती.

वर्षातून काही वेळा शिपायांची आणि अधिकाऱ्यांची चांदमारी असायची, म्हणजे गोळीबाराचा सराव. दादा तिथे रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला बसायचे. गोळी उडाली की मागे पितळेची नळकांडी उरते, ती पुंगळी. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्या पाहिजेत, हा खात्याचा नियम. एक कमी पडली तरी कागद फिरायचे, खुलासे मागवले जायचे, कुणी ती चोरून नेली काय, पुन्हा भरून कुणाला विकली काय, असले प्रश्न. एकदा एक पुंगळी गवतात उडाली म्हणून तीस माणसं, त्यात पोटं सुटलेले दोन अधिकारी, भर उन्हात गुडघ्यावर रांगत होती. ती शेवटी एकाच्या बुटाच्या तळाला चिखलात चिकटलेली निघाली. त्या दिवशी दादांना भोवळ आली. घरी येऊन ते आईला म्हणाले, "पुन्हा हे होऊ द्यायचं नाय. हाताला वळणच लावून टाकतो."

आणि त्यांनी ते लावलं. त्या वेळचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडल्यासारखं उघडायचं. उघडलं की आतली ताऱ्याच्या आकाराची पोलादी चांदणी वर उचलली जाऊन सहाही पुंगळ्या आपोआप बाहेर फेकायची. इंग्रजाने ते हत्यार तसंच बनवलं होतं, फेकायला. दादांनी माणसांना शिकवलं की डावा पंजा वर झाकायचा, हळू उघडायचं, सहाही पुंगळ्या मुठीत घ्यायच्या, मूठ डाव्या खिशात रिकामी करायची, आणि मगच नवी गोळी भरायची. "आधी पुंगळी, मग गोळी." हे वाक्य ते आरोळीसारखं म्हणायचे. त्यानंतर चांदमारीवर पुंगळी हरवली नाही. साहेब खूश झाले, दादा खूश झाले, आणि मी, शाळकरी पोर, घरात शेंगा खाताना टरफलं डाव्या खिशात घालणाऱ्या बापाला हसायचे. "दादा, कचरा टाकायला उठा ना." ते म्हणायचे, "हाताला सांग, मला नको सांगू."

मी कॉलेजात गेले तेव्हा आमच्याकडे फौजदार निकुंभ यायला लागले. सव्वीस-सत्तावीसचे, अविवाहित, उंच, आणि बोलण्यात फटकळ. ते अधिकारी आणि दादा हवालदार, पण ते उंबऱ्यातच टोपी काढून "अहिरेकाका, आहात का?" विचारायचे. आईच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे त्यांना इतके आवडायचे की पातेलं चुलीवर असलं की ते बरोबर त्याच वेळी उगवायचे. आई म्हणायची, "सायेब, तुमच्या नाकाला खात्यानं कामाला लावलं तर लय चोर सापडतील." मी त्या काळात एका विद्यार्थी संघटनेत होते. वस्त्यांवरचे नळ, वसतिगृहातलं जेवण, सातपूरच्या कारखान्यातून काढलेले कामगार, जे दिसेल त्यावर आम्ही पत्रक काढायचो. सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांत कायम. निकुंभ ती नखं बघून विचारायचे, "शोभाताई, आज कुणाला गाडलंत?"

"अजून तुमच्यापर्यंत आले नाही."

"आलात की मला आधी वाचायला द्या. तुमची वाक्यं फार लांब असतात. घोषणा देताना माणसाला मध्येच खोकला येतो."

मला त्यांचा राग यायचा, आणि ते चार दिवस आले नाहीत की मी पातेल्याकडे बघून आईला विचारायचे, शेंगोळे कधी करणार. एवढंच लिहिते. याहून जास्त काही झालं नाही आणि व्हायला वेळही मिळाला नाही.

तर निकुंभांचं दुखणं असं होतं. सिन्नर तालुक्यात दरोडेखोरांची एक टोळी होती. तिच्या मागावर असताना एकदा त्यांच्या सहा गोळ्या संपल्या आणि उसाच्या बांधाआड बसून पुढच्या सहा एकेक करून भरताना त्यांच्या हातातून दोन पडल्या. "काका, हात असे थरथरत होते की चक्रीतली गोळ्यांची सहा घरं मला बारा दिसत होती," ते म्हणाले. दादा उठले आणि हत्यारांच्या डब्यातून जुन्या भंगारातली एक गंजलेली पोलादी वस्तू काढून त्यांच्यापुढे ठेवली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वेळची, हाताच्या तळव्यात मावणारी, वर्तुळात सहा जागा असलेली. सहा गोळ्या एकदम धरायची आणि एकदम चक्रीत सोडायची युक्ती. इंग्रजीत तिला स्पीडलोडर म्हणतात हे मला फार नंतर कळलं. दादा तिला चकती म्हणायचे, म्हणून मीही चकतीच लिहिते.

ती जुनी चकती मोडकी होती. नवी करायची तर कशी, यावर आमच्या घरात तीन महिने खल झाला. दादांनी आधी चामड्याची पट्टी करून पाहिली, गोळ्या एका रांगेत खोवलेल्या, दोन-दोन भरायच्या. ती खिशात सपाट बसायची, वाजायची नाही, पण तीनदा हात हलवावा लागायचा. मग माझे मामा, शांताराममामा, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, त्यांनी नायलॉनच्या दांड्यातून गोल चकती कातून दिली. तिला मागे एक मूठ. मूठ फिरवली की गोळ्या सुटायच्या. ही घट्ट धरायची. दादांनी ती भरून सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सातपूरपर्यंत खड्ड्यांतून जाऊन आले, एकही गोळी सुटली नाही. मला वाटलं झालं काम. दादांनी निकुंभांना लाईनीच्या जिन्यावरून दहा वेळा वरखाली पळवलं, त्यांच्या हाताला साबणाचं पाणी लावलं आणि म्हणाले, भरा. मूठ ओल्या बोटांतून सटकली. दादा म्हणाले, "बघा सायेब. भ्यालेल्या माणसाला दहा बोटं नसतात, एक पंजा असतो. त्याला फिरवा, दाबा, ओढा असलं कायबाय सांगू नये. एकच काम सांगावं." म्हणून तिसरी चकती झाली. तिला फिरवायचं काही नव्हतं. गोळ्यांची टोकं चक्रीच्या घरांत बसवून तळव्याने ढकललं की आतली स्प्रिंग स्वतःच गोळ्या सोडायची. या चकतीत गोळ्या किंचित सैल राहायच्या, म्हणून आईने जुन्या बुटाच्या चामड्याचं पाकीट शिवलं, आतून फलाटीनचं अस्तर आणि वर दाबाचं बटण. ते पाकीट पट्ट्यात अडकवायचं.

रिव्हॉल्व्हर घरी आणता येत नव्हतं. दादांनी शिसवीच्या लाकडाची सहा घरांची चक्री कोरली, बिजागरी लावून ती उघडेल अशी केली. मामांनी पितळेच्या खोट्या गोळ्या कातून दिल्या, बारा: सहा पुंगळ्या म्हणून काढायला, सहा भरायला. रोज संध्याकाळी आई भाकरी करायला बसली की हे दोघे दाराशी उभे राहायचे. दादा "हं" म्हणायचे आणि आई थापा मोजायची. हाताने सहा गोळ्या भरायला बावीस थापा. चामड्याच्या पट्टीने चौदा. शेवटच्या चकतीने सहा. पहिल्यांदा सहा झाल्या तेव्हा निकुंभांनी आईच्या परातीला हात जोडले. मामांनी शिट्टी मारली. आई हसली नाही. तिचा पंजा भाकरीवर तसाच होता.

"पन तुमी 'हं' कवा म्हनता?" तिने विचारलं. "सायेब पुंगळ्या खिशात घालत्यात, त्याच्याबी मागून म्हनता. त्या घालायचा येळ कोन मोजायचा?"

दादा हसले. "अगं, तो काय भरण्यातला वेळ नाय. ती तर शिस्त आहे. आधी पुंगळी, मग गोळी."

"गोळ्या मारनारा थांबंल का तवर?"

"तू भाकरी बघ. करपंल."

सगळे हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी फार मोठ्या आवाजात बोलले आहे. त्या खोलीत खरा प्रश्न फक्त एका माणसाने विचारला, ती चौथी शिकलेली होती, आणि तिला आम्ही भाकरी बघायला सांगितली.

चकतीची कीर्ती मुख्यालयात गेली. साहेबांनी दादांना खोलीत बोलावून ती पाहिली, दोनदा स्वतः भरून बघितली, "आपल्या खात्याचं डोकं आहे हे," असं म्हणाले आणि वर पाठवायचा प्रस्ताव लिहायला सांगितला. दादांनी त्या रविवारी मटण आणलं. प्रस्ताव वर गेला की टेबलावरच राहिला, कळलं नाही. निकुंभांनी मात्र चकती वापरायला सुरुवात केली होती. पट्ट्याला पाकीट लावून ते आईपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बघा काकू, तुमची शिलाई आता सरकारी कामावर निघाली."

पंधरा दिवसांनी ते गेले. सिन्नरच्या पुढे एका मळ्यात, दुपारी, विहिरीच्या काठाशी. टोळीतले दोघे पंपाच्या खोलीत होते. निकुंभांनी सहा गोळ्या झाडल्या, सातवी झाडायला ते जिवंत नव्हते. बरोबरचे शिपाई बांधाच्या पलीकडे होते, त्यांनी एवढंच पाहिलं की साहेब खाली बसले, हातात काहीतरी करत होते, आणि मग आडवे झाले. आमच्या लाईनीत बातमी चारच्या सुमाराला आली. आईने पीठ भिजवलं होतं. ते तिने झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाईला घातलं.

आठवड्याच्या आत लाईनीत कुजबुज सुरू झाली आणि मग कागदावरही आलं. अनधिकृत उपकरण वापरल्यामुळे ऐन वेळी हत्यार भरता आलं नाही, ते उपकरण शस्त्रागारातील हवालदार अहिरे यांनी परवानगीशिवाय तयार केलं. चौकशी लागली. चकती साहेबांच्या खोलीत वाहवा मिळवत होती तेव्हा ती खात्याची होती. माणूस मेला तेव्हा ती अहिऱ्यांची झाली. कुणीतरी असंही म्हणालं की या लोकांना कारागिरी कुणी सांगितली होती. 'या लोकांना' म्हणजे कुणाला, हे आमच्या लाईनीत समजावून सांगावं लागत नव्हतं. दादांनी जेवण कमी केलं. ते ती लाकडी चक्री मांडीवर घेऊन बसायचे, उघडायचे, मिटायचे. "स्प्रिंग अडकली असंल का गं शोभे?" मला विचारायचे. "घामानं फुगली असंल का चकती?" नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्यांना खाणारी गोष्ट ती नव्हती. आपल्या हातच्या वस्तूने त्या पोराला दगा दिला, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

आणि मग मला पुरावा सापडला. सिव्हिल हॉस्पिटलात आमच्या ओळखीची एक आया होती, गंगूबाई. निकुंभांचे कपडे पंचनाम्याला काढताना ती तिथे उभी होती. तिने मला पायरीवर बसवून सांगितलं, "पाकिटाचं बटन तसंच लावलेलं व्हतं गं. ती तुझ्या बापाची चकती आत, भरलेली, सहाच्या सहा गोळ्या. आन प्यांटीच्या डाव्या खिशात सहा रिकाम्या पुंगळ्या. मी मोजल्या. सायेब मरताना पुंगळ्या गोळा करीत व्हता बघ."

मी धावत सुटले. चकती अडकलीच नव्हती, ती पाकिटाबाहेरही आली नव्हती! माझा बाप निर्दोष होता! खात्याच्या पितळेच्या हावेने, खात्याच्या कारकुनी नियमाने एका तरुण अधिकाऱ्याचा जीव घेतला होता आणि दोष एका बौद्ध हवालदारावर ढकलला जात होता. असं पत्रक आयुष्यात एकदाच मिळतं. मी एका बैठकीत ते लिहिलं. निकुंभांची आठवण ठेवून वाक्यं आखूड ठेवली. शेवट मला फार आवडला होता, तो मला पाठ आहे: "गोळ्या समोरून येत असताना या हाताला आधी पुंगळी उचलायला कोणी शिकवलं? ज्याने शिकवलं तोच खुनी. त्याला पुढे आणा!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला आम्ही ते सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर वाटलं, मग स्टँडवर, मग कचेरीबाहेर. लोक उभं राहून वाचत होते. मामांनी वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मला त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

आज लोक विचारतात, तुला तेव्हा कळलं कसं नाही? मी उत्तर देते ते असं. मी तो नियम कचेरीत शोधत होते, फायलीत, साहेबाच्या सहीत. पुंगळ्या परत द्या एवढंच त्या फायलीत होतं. गोळी भरण्याआधी त्या खिशात घाला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मी रोज संध्याकाळी स्वतःच्या दारात बघत होते, शेंगांच्या टरफलांत बघत होते. घरातली गोष्ट होती. पत्रक लिहिताना मी घराकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा दादा खाटेवर बसले होते, चष्मा लावून. पत्रक त्यांच्या हातात होतं. मी हसत म्हटलं, "वाचलंत? सुटलात तुम्ही."

त्यांनी पत्रकाची घडी घातली, पुन्हा उघडली. "अक्षर छान उमटलंय," म्हणाले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती मला वाचून दाखवली, शाळेतल्या मुलासारखी, शब्द सोडून सोडून. "ज्याने. शिकवलं. तोच. खुनी." आणि चष्मा काढला. "मी शिकवलं, शोभे."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

मी बोलत सुटले. नियम खात्याचा होता, तुम्ही फक्त अंमल केला, तुमचा हेतू, गवतात रांगणारी माणसं, मी पत्रक मागे घेते, दुसरं काढते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "चकती कशी असावी याचा मी लय विचार केला. भ्यालेल्या हाताला एकच काम सांगावं, हे मीच म्हणलो. आन त्याच हाताला आधीचं एक काम मीच लावून ठेवलं होतं. तुझ्या आईनं विचारलं होतं. मी म्हणलो, भाकरी बघ."

"पण हे कुणाला माहीत नाही, दादा. तुम्ही गप्प बसा. चौकशी मिटेल."

"चार हजार कागद वाटलेस ना, पुढे आणा म्हणून?"

"पाचशे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादा इस्त्रीचा गणवेश घालून चौकशीपुढे गेले आणि लिहून दिलं. चकतीत दोष नाही. ती बाहेर काढण्याआधी पुंगळ्या खिशात घालण्याची सवय मी लावली, ती माझी स्वतःची पद्धत होती, कोणत्याही अधिकाऱ्याने तसा हुकूम दिलेला नव्हता. वरच्यांना याहून सोयीचा जबाब मिळाला नसता. दादांना शस्त्रागारातून काढलं आणि निवृत्तीपर्यंत एका सरकारी इमारतीच्या फाटकावर पहाऱ्याला उभं केलं. चांदमारीवर आधी पुंगळी, मग गोळी हेच चालू राहिलं. मी त्यानंतर शेकडो पत्रकं लिहिली. 'खुनी' हा शब्द पुन्हा वापरला नाही. पण त्या पत्रकाचा खुलासाही कधी काढला नाही. काय लिहिणार होते? की तो माझा बाप आहे म्हणून त्याला वेगळं माप लावा?

जबाब देऊन आल्यावर त्यांनी लाकडी चक्री चुलीत घातली. मग पँट काढून आईपुढे टाकली आणि म्हणाले, "याचा डावा खिसा शिवून टाक." पाकीट शिवलं होतं त्याच जाड दोऱ्याने तिने खिशाचं तोंड बंद केलं, आणि त्यानंतर दादांच्या अंगावर आलेल्या प्रत्येक पँटचं केलं. म्हातारपणी ते गंगापूर रोडला माझ्या घरी राहायला होते. दुपारी गॅलरीत शेंगा खायचे. दाणा तोंडात टाकला की टरफल घेऊन हात डाव्या बाजूला जायचा, शिवणीवर थांबायचा, आणि मूठ तिथेच उघडायची. टरफलं फरशीवर पडायची. आई झाडू घेऊन यायची, त्यांच्याकडे न बघता गोळा करायची.